चार जाळ्यांचे प्रायश्चित्त

पूजेची उपकरणी घासण्याचे काम मी आयुष्यात कुणावर सोपवले नाही. आधी चिंच, मग राख, शेवटी पांढरी रांगोळी, आणि या सर्वांना नारळाचा काथ्या. हा क्रम मला पाठशाळेत लागला, तो आजतागायत मोडलेला नाही. दारव्ह्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. मुलांची रूपे कधी कच्ची राहिली असतील, परंतु माझा तांब्या कधी काळा राहिला नाही. हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करतो, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ या अभिमानातच होते.

त्या रविवारी सकाळी देवघराच्या कोनाड्यात मला चार जाळ्या दिसल्या. तळहाताएवढ्या, चौकोनी, बारीक तारेच्या आणि अंगभर काळ्या. एका धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर त्या ओळीने मांडल्या होत्या. आमच्या धुपाटण्यावर ठेवण्याची जाळी साधारण अशीच असते. तर्कशास्त्राची दोन पुस्तके वाचलेल्या माणसाला अनुमानाचा मोह फार. जेथे काजळी तेथे धूप. व्याप्ती पक्की होती, पक्ष समोर होता, आणि काथ्या हातात होता.

काजळी मात्र विलक्षण चिवट निघाली. हात लावून पाहिले तर मखमलीसारखी, बोटाला किंचित खरखरीत. चिंचेने ती सैल झाली, राखेने अर्धी उतरली, रांगोळीने हार मानली. एखादा आळशी मनुष्य असता तर त्याने वरवर हात फिरवून सोडून दिले असते, आणि निम्मे नुकसान तरी टळले असते. परंतु मी आळशी नाही. मी तारेची एकेक खोबण काडीने कोरली. पूर्ण सहस्रनाम होईपर्यंत चारही जाळ्या चांदीसारख्या झाल्या. पाण्याने गंजू नयेत म्हणून मी त्यांना वातीचे तिळाचे तेल बोटाने हलकेच लावले आणि ताम्हनात मांडून ठेवल्या.

सूनबाई स्नान करून आल्या. त्यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. माहेर घाटंजीचे, रसायनशास्त्रातील पदवी घेतलेली आणि लगेच लग्न झालेले. लग्नानंतर अकरा वर्षांनी, "पुढचं शिकायचं राहून गेलं" असे एकदा पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, तेव्हा "राहिले आहे ते पुरे करावे" असे मीच म्हणालो होतो. चिरंजीवांची नोकरी अमरावतीस. घरी आम्ही दोघेच. म्हणून त्या रोज बसने यवतमाळच्या महाविद्यालयात जात, आणि मी दुपारी कुकर लावीत असे. हा शेवटच्या वर्षाचा शेवटचा आठवडा होता. गुरुवारी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे त्यांना आपला प्रकल्प चालवून दाखवायचा होता. प्रकल्प काय, हे मला ढोबळ ठाऊक होते: पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढणे. जुन्या पुस्तकांत त्याला उदजन म्हणत. उदकापासून जन्मलेला. हा शब्द मला इतका आवडला होता की पुढचे काही विचारायचे माझे राहूनच गेले.

"बाबा, इथं चार जाळ्या ठेवल्या होत्या मी."

"आहेत की." मी ताम्हन पुढे केले. "पाहा, तोंड दिसते त्यांत."

त्यांनी तोंड पाहिले नाही. "ह्या तुम्ही घासल्या?"

"काजळी फार होती."

"बाबा, ते काजळी नव्हती." त्या पाटावर बसल्या. "ते माझे तीन हप्ते होते."

मी ताम्हन खाली ठेवले.

"ह्याच जाळ्या पाण्यात सोडून वायू काढायचा होता. ते निकेल होतं. मुद्दाम काळं, मुद्दाम खरबरीत. कॉलेजात एकेक जाळीवर चढवलं. घरात एकाच जागी कोणाचा हात लागत नाई, धूळ बसत नाई, म्हणून देवघरात ठेवल्या मी."

कोणाचा हात लागत नाही, ते माझ्यामुळेच. हे मला त्याच क्षणी समजले. ज्या विश्वासाने त्यांनी त्या तेथे ठेवल्या, त्याच विश्वासाने मी त्या उचलल्या होत्या.

"मी पुन्हा काळ्या करून देतो," मी म्हणालो. "धूप घालतो, वर धरतो. तासाभरात होतील."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि त्यातच त्यांना हसू फुटले. "धुपानं नाई होत ना, बाबा!"

"मग महाविद्यालयात पुन्हा चढवता येईल?"

"परीक्षेसाठी ते टाकी उपसून ठेवली. निकेलचं पाणी पुन्हा मागवावं लागते, यायले दहा दिवस. गुरुवारी नाई दाखवलं तर पुढल्या वर्षी." हे त्या आवाज न चढवता म्हणाल्या. सासऱ्यावर ओरडता येत नाही, ही त्यांची अडचण मला स्पष्ट दिसत होती. ओरडल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

मी पूजा आटोपती घेतली. मग जेथे आपण चुकलो तेथे निदान काय चुकलो ते तरी कळावे, म्हणून शिष्यासारखा त्यांच्यासमोर बसलो. गुळगुळीत, स्वच्छ धातूने पाण्याचे असे काय बिघडते, असे विचारले.

"पुरीवर तूप टाकलं तर वाहून जाते का नाई? अन् अनारशाच्या जाळीत?"

"मुरते."

"तसंच. त्या काळ्या थरात बारीक बारीक भोकं असतात, डोळ्याले दिसत नाई इतके. पाणी आत शिरते. जेवढं अंग पाण्याले लागन तेवढा वायू निघन. तुम्ही माझ्या अनारशाची पुरी करून ठेवली, बाबा."

"आणि तेल?"

त्या एकदम ताठ बसल्या. "तेल बी लावलं?"

"तिळाचे. अगदी थोडे."

सूनबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. तेल लावलेल्या पृष्ठभागावर वायूचा बुडबुडा चिकटून बसतो, सुटत नाही. आणि तो सुटल्याशिवाय खालच्या धातूला पाणी भेटत नाही, असे त्यांनी सांगितले. संस्कृतात तेलाला स्नेह म्हणतात आणि प्रेमालाही स्नेहच म्हणतात, हे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. स्नेहामुळे चिकटणे होते आणि चिकटण्यामुळे काम अडते, याचा असा रोकडा दाखला मात्र मला कधी सापडला नव्हता. हे मी त्यांना बोलूनही दाखवले. त्या म्हणाल्या, "बाबा, हे गुरुवारनंतर सांगा."

उपाय मला चहा घेताना सुचला. दारव्ह्यात मोटार स्टँडच्या मागे एक मिस्त्री आहेत. त्यांचे वडील दारोदार भांड्यांना कल्हई करीत. हे स्वतः मोटारसायकलींच्या भागांवर निकेल चढवतात. आमचा स्नेह, येथे दुसऱ्या अर्थाने, जुना आहे. चकाकी हा आम्हा दोघांच्या आवडीचा विषय. त्यांनी चढवलेला मुलामा पाहून मी कौतुक करतो, आणि माझा तांब्या पाहून ते.

सोमवारी दुकान उघडताच आम्ही दोघे गेलो. मी प्रकरण मांडले आणि मुख्य मागणी सूनबाईंवर सोडली.

"काका, तुमच्या टाकीत ह्या जाळ्यांवर निकेल चढवायचं. पण करपलेलं पायजे."

मिस्त्रींनी चष्मा काढला. "काय पायजे?"

"करपलेलं. वीज जास्त झाली म्हंजे कसं काळं, खरबरीत येते, तसं."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "गुरुजी, सूनबाईची तब्येत ठीक हाय ना? जिंदगीभर जे काम बिघडलं म्हणून मी गिऱ्हाइकाची माफी मांगली, तेच मांगायले आली हे!"

"दोष माझा आहे," मी म्हणालो. "चांगले होते, मी घासून चकचकीत केले."

"चकचकीत केलं त दोष कायचा?"

"तेच तर मलाही रविवारपर्यंत ठाऊक नव्हते."

मिस्त्रींनी जाळ्या उजेडात धरल्या, उलटल्या, नखाने टोचल्या. "हात मात्र मानला, गुरुजी. खोबणीत बी काई ठेवलं नाई तुम्ही." ही स्तुती मला त्या दिवशी फार बोचली.

पहिली जाळी त्यांनी टाकीत सोडली. सूनबाई सांगत होत्या, "अजून वाढवा काका, वीज अजून वाढवा," आणि मिस्त्री "हो हो" म्हणत कळ पुढे सारीत होते. वीस मिनिटांनी जाळी वर आली, ती माझ्या ताम्हनापेक्षा उजळ. आम्ही तिघेही तिच्याकडे पाहत राहिलो. झाले असे होते की सूनबाईंचे लक्ष घड्याळाकडे जाताच मिस्त्रींचा हात आपसूक कळ मागे ओढीत होता.

"हात ऐकतच नाई," ते ओशाळून म्हणाले. "चाळीस वर्षांची सवय हाय, बापा. काळं दिसलं का हात मांगं येते."

"माझाही तसाच पुढे गेला होता," मी म्हणालो.

दुसऱ्या जाळीच्या वेळी सूनबाईंनी त्यांना स्टुलावर बसवले आणि कळ स्वतः धरली. या वेळी काळे आले, पण बोट लावताच भुकटीसारखे झडले. आता मात्र मिस्त्रींमधला कारागीर जागा झाला. बिघडवायचेच असेल तर नीट बिघडवू, असा त्यांचा एकंदर पवित्रा होता.

"पोरी, तू एकदमच करपवून राह्यली. भाकर कशी, आंधी शेकावं लागते. पहिले मी चांगला थर देतो, पातळ, पकडून बसणारा. मंग त्याच्यावर तुझं करपवणं. थोडी थोडी वीज, बंद, पुन्हा थोडी."

त्याच दोन जाळ्या खरवडून, धुऊन पुन्हा तसे केले. टाकीत जाळीभोवती बारीक बुडबुड्यांचे मोहोळ उठले. सूनबाईंनी मला जवळ बोलावून दाखवले की हे बुडबुडेसुद्धा उदजनाचेच. निकेल चढत असतानाच ते निघतात, आणि जेथून निघतात तेथे निकेल बसू शकत नाही, म्हणून भोके राहतात. म्हणजे पुढे या जाळीवर जो वायू जन्माला यायचा, त्याच्या वाटा त्याच्याच जातीचे पूर्वज आधी येऊन कोरून ठेवतात. मला मोठा आनंद झाला. मी डोळे मिटून हात जोडले. मिस्त्रींना वाटले, जाळी टिकावी म्हणून मी प्रार्थना करतो आहे. त्यांनीही पुटपुटत दुवा मागितली. तीही वाया गेली नसावी, कारण मंगळवारी संध्याकाळपर्यंत दोन जाळ्या काळ्या, खरबरीत आणि घट्ट तयार झाल्या. एक जोडी. कामाला तेवढी पुरे होती. मिस्त्रींनी त्या सूनबाईंच्या हाती दिल्या आणि म्हणाले, "कोणाले सांगू नको, माझ्या दुकानातून गेल्या म्हणून."

उरलेल्या दोन जाळ्या, माझ्या हातच्या चकचकीत आणि तेलकट, तशाच राहू दिल्या होत्या.

बुधवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रंगीत तालीम झाली. काचेचे भांडे, त्यात क्षार मिसळलेले पाणी, दोन तारा, आणि वायू धरण्यासाठी पाण्याने भरून उपडी ठेवलेली नळी. खिडक्या सताड उघड्या. "हात लावू नका, बाबा, क्षार हाय," असे मला तीनदा बजावण्यात आले. तसे ते बजावणे योग्यच होते. प्रथम माझी जोडी. विजेचा दाब दोन्ही जोड्यांना एकच ठेवायचा, तरच तुलना खरी, असे त्यांनी सांगितले. त्यांचा फोन चार्जिंगला होता. वेळ मोजण्याचे काम मी माळेवर घेतले.

माझ्या जाळीवर बुडबुडे आले. मोठे, टपोरे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. आले ते तारेला धरून बसले. एक फुगे, शेजारच्याला मिळे, आणखी फुगे, आणि मोठ्या नाखुशीने वर सुटे. तोवर खालची तार झाकलेलीच. पाण्यावर थोडा फेसही धरला.

"हे काय?"

"क्षार अन् तुमचं तेल. साबण करून राह्यले तुम्ही, बाबा."

नळी अर्धी भरायला माझी पूर्ण माळ आणि वर आणखी अर्धी लागली. मग भांडे धुऊन, नवे पाणी घालून काळी जोडी बुडवली. या खेपेला बुडबुडे असे दिसलेच नाहीत. जाळीभोवती दुधासारखे पांढरे धुके उठले आणि सरळ वर चढू लागले. इतके बारीक, की जन्मले कधी आणि सुटले कधी हे कळू नये. कशालाही चिकटणे नाही. अठ्ठेचाळिसाव्या मण्यालाच नळी अर्धी झाली. माझा विश्वास बसेना; मणी सुटले असतील म्हणून मी सारे पुन्हा करायला लावले आणि पुन्हा मोजले. पुन्हा तेच. सूनबाईंनी नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली. "टप्" असा आवाज झाला आणि क्षणभर फिकट ज्योत दिसली. अग्नी पाण्यात लपून बसला होता, असे आमची जुनी आख्याने सांगतात. तो माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शेजारी लपला होता, हे नवीन.

"आता ह्या डब्यात ठेवते," सूनबाई म्हणाल्या, "अन् वर चिठ्ठी लावते. मराठीतून लिहिलं त तुम्ही वाचतानी घासून टाकान, म्हणून संस्कृतातून लिहिली." दहावीच्या संस्कृताच्या बळावर त्यांनी लिहिले होते: जालिकाः न घर्षणीयम्.

मी ते वाचले. आपण अपराधी आहोत हे मी पूर्ण जाणून होतो. तरी तोंडून निघालेच: "जालिका स्त्रीलिंगी, येथे बहुवचन. तेव्हा घर्षणीयम् नव्हे, घर्षणीयाः."

"बाबा!"

"जालिकाः न घर्षणीयाः," मी हळूच म्हणालो आणि त्यांच्या हातून लेखणी घेऊन दुरुस्ती केली. जाळ्या घासू नयेत, हे मी माझ्याच अक्षरात लिहिले. प्रायश्चित्त म्हणून मला ते पुरेसे वाटले नाही. म्हणून गुरुवारी डबा मी घेऊन येईन, असा हट्ट धरला.

दारव्ह्याहून यवतमाळपर्यंत जीपमध्ये तो डबा मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो. शेजारच्या बाईंनी विचारले, "काय हाय जी, प्रसाद?" मी होय म्हणालो, सूनबाई खिडकीबाहेर पाहून हसत होत्या. त्यांच्या पिशवीत माझी चकचकीत जोडीही होती. ती कशाला, असे विचारले तर म्हणाल्या, "पाहा तर खरं."

प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर मी बसलो. दार उघडेच होते. परीक्षक वयस्क, मितभाषी गृहस्थ होते. सूनबाईंनी आधी माझी जोडी चालवली, मग काळी. आवाज पहिल्या वाक्याला थोडा कापला, दुसऱ्याला नाही. धुके वर चढू लागले तसे परीक्षक वाकून जवळ गेले.  मी माळ काढली होती, परंतु ती कशासाठी फिरवतो आहे, मोजण्यासाठी की मागण्यासाठी, हे मला सांगता आले नसते.

"आणि ही तेल लावलेली जोडी? ही कल्पना कोणाची?"

"आमच्या सासऱ्यांची, सर."

"ते कुठे संशोधन करतात?"

"देवघरात," सूनबाई म्हणाल्या, आणि बाकाकडे बोट दाखवले.

मला आत बोलावण्यात आले. डब्यावरची चिठ्ठी वाचून परीक्षक म्हणाले, "याचा अर्थ तेवढा सांगा." मी सांगितला. "का घासू नयेत?" तेही सांगितले: अनारसा, पुरी, साबुदाणा आणि स्नेहाचे दोन अर्थ, सर्व काही. मध्येच सूनबाईंनी माझी बाही ओढली, तेव्हा मी थांबलो.

परीक्षकांनी कागदावर सही केली. "निष्कर्षात हे दोन्ही नमुने लिहा," ते सूनबाईंना म्हणाले. "बुडबुडा चिकटला की उत्पादन का घटते, हे चांगल्या जाळीवरून इतके स्वच्छ दिसले नसते. प्रकल्प पूर्ण झाला."

 बाहेर येऊन जीपची वाट पाहत उभे असताना सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आता सांगा ते."

"काय?"

"स्नेहाचं. गुरुवारनंतर सांगा म्हटलं होतं मी."

मी सांगू लागलो. जीप आली, भरली, सुटली, लाडखेड मागे गेले, तरी माझे सांगणे संपले नव्हते. त्या ऐकत होत्या की झोपल्या होत्या, हे मी मुद्दाम पाहिले नाही.

रविवारी सकाळी काथ्या, चिंच, राख घेऊन मी देवघरात गेलो, तर कोनाड्यात त्याच जागी, तशाच पांढऱ्या फडक्यावर, त्या दोन काळ्या जाळ्या मांडलेल्या. डबा नव्हता, चिठ्ठी नव्हती. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता आणि तो माझ्या पावलाबरोबर थांबला होता, एवढे माझ्या लक्षात आले. मी तांब्या उचलला, ताम्हन उचलले, निरांजन उचलले. जाळ्यांपुढे एक झेंडूचे फूल वाहिले. मग फूल ओले आहे हे आठवले, आणि घाईघाईने ते परत उचलले.

पोळपाटाचा आवाज पुन्हा सुरू झाला.